माझी बाटली, त्याची ट्यूब

शेवंताआक्कांच्या गोठ्यासमोर निनादची गाडी दिसली आणि माझं डोकं फिरलं. पेशंट माझा होता.

पेशंट म्हणजे चांदी, आक्कांची गाय. चऱ्होलीतली जमीन बिल्डरकडे गेली, दोन्ही मुलं चाकणला कंपनीत लागली. आक्कांचं म्हणावं असं राहिलं ते टॉवरांच्या मधला पत्र्याचा गोठा आणि ही एक गाय. तिला दगडी झाली होती. दगडी म्हणजे कासेची सूज. कास हाताला दगडासारखी लागते, म्हणून हे नाव. मागचे दोन सड सुजलेले, दुधात गाठी, अंगात ताप. मी अँटिबायोटिक दिलं. मग त्याहून भारी दिलं. मग त्याहून भारी. सूज वाढतच गेली, आणि आक्कांनी मला न सांगता निनादला बोलावलं.

डॉ. निनाद माझ्या मुलाच्या वयाचा. मी सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन स्कूटरवर प्रॅक्टिस करतो. हा शिकून आला तो थेट चारचाकीतून. गोठ्यात शिरण्याआधी गमबूट धुतो. आळंदीपासून चाकणपर्यंतच्या गाई मला बघून बिथरतात. त्याच्यासमोर चांदी रवंथ करत उभी होती. ते मला जास्त लागलं.

"या ना, सर," तो म्हणाला. हे 'सर' फार वाईट असतं. त्यावर रागावता येत नाही.

त्याचं म्हणणं पडलं, की ही दगडी बुरशीची असावी. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला काही करत नाही. उलट जिवाणू गेले की तिला मैदान मोकळं. तेव्हा अँटिबायोटिक बंद करू, कास सारखी पिळून रिकामी ठेवू आणि दूध लॅबला पाठवू. हे सगळं मला माहीत होतं, कॉलेजात शिकलो होतो. फक्त मला सुचलं नव्हतं आणि त्याला सुचलं होतं.

मग एक गोष्ट आठवली आणि जरा बरं वाटलं. दगडीच्या सुरुवातीला मी पुतणीच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा आक्कांनी याच्याकडूनच सडांत ट्यूब भरून घेतल्या होत्या. म्हणजे बुरशी आणली कोणी?

"तुझी ट्यूब पण पाठव लॅबला," मी म्हणालो. "कुठून आलं ते कळू दे आक्कांना."

तो म्हणाला, ट्यूब सीलबंद येते, एका सडाला एक, वापरली की फेकायची. तरी त्याच बॅचची एक गाडीत आहे, ती पाठवतो. मग जरा चाचरत त्यानं विचारलं, की सरांनी सडात काय भरलं होतं?

मी माझं खास मिक्श्चर भरलं होतं. मोठ्या बाटलीत औषध पातळ करायचं, सोबत सडात घालायला प्लास्टिकची नळी द्यायची आणि बाटली गाईवाल्याच्या घरीच ठेवायची. लोक आपापलं भरतात. स्वस्त आणि मस्त. या पट्ट्यात माझं नाव त्या बाटलीवरच झालं होतं. आक्कांनी ती फ्रिजच्या दारातून काढून आणली.

"घेऊन जा," मी ऐटीत म्हणालो. "आपल्याकडे लपवायला काही नाही."

आक्का एवढंच म्हणाल्या, "तुमी दोघं काय बी पाठवा. माझी गाय जाता कामा न्हाई."

रिपोर्ट आल्यावर निनादचा फोन आला. दुधात यीस्ट निघालं, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार. ट्यूब स्वच्छ. माझ्या बाटलीत तेच यीस्ट, आणि नळीत तर भरभरून. सडातून निघालेली नळी परत बाटलीत बुडत होती. औषध म्हणून मी रोज बुरशीच आत भरायला लावत होतो.

मग तो हळूच म्हणाला, "आक्कांना फक्त बुरशी निघाली एवढंच सांगू, सर. कुठून आली ते कशाला?"

एखादा बरा माणूस इथे गहिवरला असता. मला झोंबलं. म्हणजे हुशारही हाच आणि मोठ्या मनाचाही हाच? आणि मी उरलेला जन्म याच्या उपकारात काढायचा? मी स्कूटरला किक मारली आणि त्याच्या आधी चऱ्होली गाठली. माझ्या या घाईला प्रामाणिकपणा म्हणू नका. मोठेपणा त्याला मिळू नये, एवढाच हेतू होता.

बाटलीचं ऐकता ऐकता आक्कांचं शेण काढणं थांबलं.

"म्हंजी तुमीच व्हय?"

"मीच."

"आन् मी माझ्या हातानं रोज भरत व्हते." त्यांनी शेणाची पाटी बाजूला सारली. "त्या पोराला फोन लावा. तुमच्या फोनवरनं लावा."

लावला. बुरशीवरची गाईसाठीची तयार ट्यूब आमच्याकडे मिळाली नाही, म्हणून तो माणसांच्या मेडिकलमधून औषध घेऊन आला. दर वेळी नवी सिरिंज, नवी नळी. औषध त्यानं भरायचं आणि मी दिवसभर सड पिळून खराब दूध काढायचं, अशी वाटणी आक्कांनी केली. मला कोणी विचारलं नाही.

ताप उतरला. एक सड पूर्ण सुधारला, दुसरा आटला तो आटलाच. चांदी आता तीन सडांवर दूध देते. आक्का आधी निनादला फोन करतात. तो कामात असला तर मला.

घरोघरी दिलेल्या बाटल्या मी फिरून परत आणल्या आणि फेकल्या. आता प्रत्येक गोठ्यात सांगतो: सडात जाणारी वस्तू एकदाच वापरा, आधी सडाचं टोक स्पिरिटनं पुसा, आणि गुण येत नसेल तर औषध बदलण्याआधी दूध तपासा. लोक म्हणतात, डॉक्टर, तुमचा अनुभव दांडगा. मी नाही म्हणत नाही. हे सगळं निनादचं सांगणं आहे, हे मी अजून कुठल्याच गोठ्यात बोललेलो नाही.