अकरा गाण्यांची टिपणं

अंजली दोंदे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि रविवारी इंदिरानगरातल्या विहाराच्या वाचनालयात बसते. जुन्या बायकांनी म्हटलेली भीमगीतं रेकॉर्ड करून जमवायचं काम तिनं सहा वर्षांपूर्वी अंगावर घेतलं. कारखान्यानं भंगारात काढलेला संगणक मागून आणला, त्यावर सर्व्हर बसवला आणि बाकीचं चुकत-माकत शिकली. आपली गाणी दुसऱ्या कुणाच्या कंपनीच्या हवाली करायची नाहीत, एवढं तिचं ठरलेलं होतं.

गेल्या ऑगस्टात तिनं बॅकअप घेऊन सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. त्याच आठवड्यात वत्सलाबाई साळव्यांच्या घरी जाऊन त्यांची अकरा गाणी घेतली. कुठलं गाणं कुणाकडून शिकलं, ते तिथंच मोबाइलवरून सर्व्हरवर टिपलं. पुढच्या रविवारी पाहते तो जुनी गाणी वाजेनात. यादी दिसायची, पण बटण दाबलं की आवाज नाही.

तिनं मागची आवृत्ती परत टाकली. ती सुरूच होईना. नव्या आवृत्तीनं सगळ्या नोंदींची मांडणी बदलली होती आणि जुनीला ती वाचता येत नव्हती. मग नोंदीही बॅकअपमधून परत आणल्या. गाणी वाजू लागली. चहाचा कप हातात असताना तिच्या लक्षात आलं, की बॅकअप वत्सलाबाईंच्या आधीचा होता. आवाजाच्या फायली शाबूत होत्या, टिपणं गेली होती. मागं जाण्याआधी आहे त्या नोंदींची प्रत काढायला हवी होती. कारखान्यात हेच ती इतरांना बजावत असे.

बुधवारी ड्यूटी सुटल्यावर ती वत्सलाबाईंकडे गेली. या वेळी त्यांचे यजमान बाहेर गेले होते.

“मावशी, लिहिलेलं माझ्याकडून पुसलं गेलं. परत सांगावं लागेल.”

“सांगते की. मला कुठं जायचंय.”

आठव्या गाण्याशी अंजली म्हणाली, “हे सासूबाईंकडून शिकलात ना?”

वत्सलाबाईंनी रिकाम्या दाराकडे पाहिलं. “तसं म्हणले होते मी. तवा हे दारात बसले होते. सासूला गाणं येतच नव्हतं. द्राक्षाच्या मळ्यात घडातले दाटीचे मणी खुडून इरळताना जुळवलंय ते. माझंच हाय.”

“मग सासूबाईंचं का सांगितलं?”

“सुनेनं गाणं जुळवलं की लोक बोलत्यात, म्हातारीचं म्हटलं की कुणी नावं ठेवत नाय. चाळीस वर्षं तसंच चाललंय.”

“आता तुमचं नाव लिहू?”

“लिव्ह. चौथं बी माझंच. अन् नववं.”

अंजलीनं या खेपेला वहीत लिहून घेतलं. रविवारी तीन गाण्यांपुढं ‘रचना : वत्सलाबाई साळवे’ असं टाकलं आणि त्याच दिवशी दुसरा बॅकअप घेतला.

थंडीत वत्सलाबाईंचे यजमान वाचनालयात आले. पडद्यावर आठव्या गाण्यापुढचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

“हे आईचं आहे,” ते म्हणाले.

“मावशींनी सांगितलं तसं लिहिलंय,” अंजली म्हणाली.

तिनं ते गाणं लावलं. उभ्यानंच त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि चपला घालून निघून गेले. नाव बदला म्हणून सांगायला ते पुन्हा आले नाहीत.