व्हॉल्व्हला बांधलेली तार

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं तोंड कडू होतं. तेव्हा मी बऱ्हाणपुरात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ईमेल ही चीज आमच्या खात्याला अजून नवीच होती.

दिवाळीच्या तोंडावर कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला आणि तो चालवणारा माणूस जागीच गेला. घटनास्थळी सेफ्टी व्हॉल्व्हला तार बांधलेली सापडली. वाफ जास्त झाली की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तारेमुळे तो उघडलाच नाही. मालक म्हणाला, तार मेलेल्यानेच बांधली. मेलेला माणूस जबाब द्यायला येत नाही, हे अशा लोकांना बरोबर ठाऊक असतं.

मयताची बायको सिंधीपुऱ्यात राहायची. ठाण्यात येऊन तिने माझ्या टेबलावर हात आपटला.

"साहेब, तार मालकानं बांधायला लावली. हे घरी येऊन रोज सांगायचे. जीव गेला तो गेला, वरून गुन्हा पण यांच्याच माथी मारता का?"

तिचा जबाब मी स्वतः लिहून घेतला.

मालक इंदूरला राहायचा आणि मुनीम त्याला कारखान्याची खबर ईमेलने कळवायचा. मी ते ईमेल मागितले. "व्हायरस आला, जुना कॉम्प्युटर भंगारात गेला," एवढं उत्तर मिळालं. दिवाळी झाली आणि कारखान्यात लक्ष्मीपूजन सांगणारे भटजी आपणहून माझ्याकडे आले. पूजेच्या पाटावर नवा कॉम्प्युटर होता, पण जुनाही तिथल्या देवघरात कापडाखाली झाकून ठेवलाय, असं ते म्हणाले. मागच्या वर्षी त्यांनीच काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक त्यावर तसंच होतं. पंचनामा करून आम्ही तो जप्त केला.

मुनिमाला मी दरडावलं नाही. जन्मभर मालकाच्या धाकात राहिलेल्या माणसावर पोलिसाचा धाक फारसा चालत नाही. त्याला चहा दिला आणि स्वस्तिकाची बाजू त्याच्याकडे करून कॉम्प्युटर समोर ठेवला.

"मालक बोलले होते तोडून टाक," तो रडायला लागला. "पण पूजलेली मशीन आहे ना साहेब. हातोडा कसा मारू? पाप लागतं."

माणूस मेल्याचं पाप मात्र त्याला लागलं नव्हतं!

"ईमेल कुठे आहेत?"

"यातच आहेत, पण फाईल खुलतच नाही. डिझाइनचे फोटो येत राहिले, फुगून बंद पडली."

ते खरं होतं. त्या काळी सगळे ईमेल एकाच फाईलमध्ये साठत, आणि ती मर्यादेबाहेर वाढली की उघडायचीच नाही. भोपाळच्या तज्ज्ञाने मूळ फाईलला हात न लावता तिच्या प्रती काढल्या. शेवटचा भाग कापला तर प्रत उघडेल, पण त्याबरोबर काय जाईल ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. पहिल्या प्रतीत नुसते चादरींचे फोटो निघाले. दुसरी त्याने बेताने कापली आणि मोडलेल्या नोंदी एकेक करून जुळवल्या. तेव्हा मुनिमाचा ईमेल हाती आला: व्हॉल्व्ह गळतोय, बॉयलर बंद ठेवावा लागेल. त्यावर मालकाचं उत्तर होतं, "तार बांध के चलाओ. दिवाली बाद देखेंगे."

मालकाला अटक केली त्या दिवशी मी ठाण्यात पेढे वाटले.

कोर्टात मालकाचा वकील म्हणाला, मालकाच्या नावाने ते उत्तर कोणीही पाठवलं असेल. मुनीम फितूर झाला. सगळी भिस्त त्या बाईवर आली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तार आमच्या यांनीच बांधली. यांना घाईची सवय होती."

मालक सुटला. बिघडलेल्या फाईलमधून पुरावा काढता येतो, पण कोर्टातून घरी गेल्यावर साक्षीदाराची चूल त्या पुराव्यावर पेटत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. अकादमीत हे कोणी शिकवलं नव्हतं.

पुढे पितृपक्षात ती मला तापीकाठी राजघाटावर भेटली. नवऱ्याचं श्राद्ध करून परतत होती. मला राग आवरला नाही.

"बाई, नवऱ्यालाच खोटं पाडलंत."

ती थांबली. "पोराला कारखान्यात लावून घेतलं, साहेब. तुमच्या फाईलनं त्याला रोटी दिली असती का?"

"कोणत्या कामावर आहे?"

"बापाच्याच जागेवर. बॉयलरवर."

व्हॉल्व्ह नवा बसवलाय का, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.