दह्यात बुडालेलं इटालियन

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! असा गाढवपणा आमच्या देऊळघाटात दुसऱ्या कोणी केला असन, असं मले तरी वाटत नाही.

इटलीतल्या एका कॉलेजात फळबागेचा कोर्स करायचा होता. त्यासाठी इटालियनची तोंडी परीक्षा व्हिडिओवर. नापास झालो की वर्ष गेलं! बाकी सगळं येत होतं, पण इच्छा सांगायची क्रियापदं? त्यांनी तर डोकंच खाल्लं. 'मी'च्या रूपातला शेवटचा 'ओ' काढा, 'आरे'नं संपणाऱ्यांले 'ई' लावा, बाकीच्यांले 'आ'. पार्लोचं पार्ली, प्रेन्दोचं प्रेन्दा. इथवर ठीक. पण काहींच्या मधात 'इस्क' घुसते. कोणत्या? तेच ध्यानात राहीना!

मी डावखुरा. निळ्या जेल पेननं सगळी यादी उजव्या तळहातावर उतरवली. काम फत्ते!

परीक्षेले पाच मिनिटं राह्यली. तेवढ्यात माय दही-साखर घेऊन आली.

"हात कर."

मी डावा केला.

"शुभ कामाले डावा हात? उजवा कर!"

"माय, चमच्यानं दे ना."

"काऊन? आजवर घेतलं का कधी चमच्यानं?"

वाद घालायले वेळ कुठं होता? हात पुढं केला, तिनं पचकन दही टाकलं. दही निळं व्हायले लागलं. फेकावं तर अपशकुन, अन् माय समोर उभी! डोळे मिटून सगळं चाटून टाकलं. तिनं माह्या हाताकडं पाह्यलं, तोंडाकडं पाह्यलं, अन् वाटी घेऊन आत गेली.

स्क्रीनवर परीक्षा घेणाऱ्या बाई आल्या. "मित्रासाठी एखादी इच्छा सांगा."

तळहात पाह्यला. नुसता निळा चिखल! काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर बाईच घाबरल्या.

"अहो, तुमची जीभ निळी पडलीय! बरं नाही का?"

आता दही-साखर बाईले कोणत्या इटालियनमध्ये समजावू? "सी, सी," म्हणालो. म्हणजे हो, हो.

त्यांनी परीक्षा थांबवली, सोमवारची तारीख दिली अन् जाता जाता म्हणाल्या, "ग्वारिस्का!" म्हणजे, तुम्ही बरं व्हावं. अन् त्यात होता तोच 'इस्क', ज्याच्यापायी मी शाई खाल्ली!

मग काय, चार दिवस घासून पाठ केलं. सोमवारी माय वाटी घेऊन आली. मी शहाण्यासारखा उजवा हात पुढं केला.

तिनं वाटी मागं घेतली. "आधी दोन्ही तळहात दाखव. अन् जीभ बी."