पडलेलं मत

मराठीत मत पडतं. हिंदीतही पडतंच. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला बातमीदारी करताना हे क्रियापद मी दोन्ही भाषांत विचार न करता वापरत आलो: सकाळी मतं संथ पडली, दुपारनंतर वेगाने पडली. थंडी पडते, भाव पडतात, तशी मतंही. ती कोणी टाकली, हा प्रश्न अशा वाक्यात उरत नाही.

माझ्या आईने हा शब्द मानला नाही, तेव्हा मी शेजारच्या, पुरुषांच्या रांगेत उभा होतो.

विधानसभेची निवडणूक होती. सौसर तहसिलीतलं आमचं गाव, शाळेची खोली. आई संत्र्याच्या तोडणीला जाते. त्या दिवशी दुपारी तोडणी सोडून थेट बगिच्यातून आली. पहिल्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याने यादीत तिचं नाव काढलं. त्यावर मत दिल्याची रेघ आधीच होती.

"अम्मा, आपका वोट तो पड़ गया."

"पडलं? कसं पडलं?"

एका पक्षाचा एजंट आत बसला होता. गावचाच. तो म्हणाला, "काकू, पडलं म्हंजे पडलं. उगाच लाइन अडवून राहिल्या तुम्ही."

"हवेनं पडलं का रे? हवेनं संत्रं पडते. मत कोणीतरी टाकते. कोणी टाकलं थे सांग."

"मले काहून विचारता? मी त सकाळपासून इथंच बसून आहो."

"मंग त तुले माहीतच असन."

बायकांच्या रांगेत हसू फुटलं. आईने डाव्या हाताचं बोट कर्मचाऱ्यापुढे धरलं. "हे पाहा. शाई कुठी आहे?"

शाई नव्हती. मी माझ्या रांगेतून म्हणालो, "आई, टेंडर व्होट माग."

आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकलेलं असेल, तर खऱ्या मतदाराला कागदाची वेगळी मतपत्रिका मागता येते. सरकारी हिंदीत तिला निविदत्त मत म्हणतात. गावात तो शब्द कोणी ऐकलेला नव्हता. टेंडर मात्र सगळ्यांना माहीत होतं.

"टेंडर? काकू, रोडचा ठेका घेता का आता?" एजंट म्हणाला.

"रोड तुमचे तुम्ही खा. मले माह्यं मत पाहिजे."

केंद्राध्यक्ष उठून आले. नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, घरात आणखी कोण, असं त्यांनी विचारलं. ओळखपत्र यादीशी ताडून पाहिलं. शंका उरली नाही. मतपत्रिका देण्याआधी त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: हे मत बंद लिफाफ्यात जाईल, आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय मोजलं जाणार नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं आहे, असं मी मानेने सांगितलं.

"मोजत नाही, मंग देऊन कायले राहिले?"

ती आता परत फिरेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "द्या. मी आलती, एवढं तरी कागदावर राहीन."

वेगळ्या यादीत तिने सही केली. अंगठ्याचं पॅड पुढे केलं होतं, ते तिने बाजूला सारलं आणि पूर्ण नाव लिहिलं. वेळ लागला. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका आणि शिक्का घेऊन पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आडोशाला गेली आणि घडी घातलेला कागद लिफाफ्यात जाईपर्यंत तिथून हलली नाही.

संध्याकाळी मी बातमी पाठवली. डेस्कवर बातमीचं शीर्षक झालं: महिलेचे मत आधीच पडले. मी फोन केला. पडलं नाही, दुसऱ्याने टाकलं, असं लिहा. अर्थ एकच आहे, असं उत्तर आलं. एकच नाही, असं मी सांगितलं आणि शीर्षक बदलेपर्यंत फोन ठेवला नाही. मत कोणी टाकलं, ते आजवर कळलेलं नाही.

पुढे लोकसभेला मतदान सुरू व्हायच्या आधी आई खोलीच्या दाराशी उभी होती. तोच एजंट आत शिरत होता.

"काकू, इतक्या सकाळी?"

"कोणाच्या आधी यायचं, थे शिकली मी."

यादीत तिच्या नावावर रेघ नव्हती. तिने बटण दाबलं, यंत्राची शिट्टी बाहेर रांगेपर्यंत ऐकू आली.