अजून हुडकतोय, ताई

कुणाच्याही अंगणात पाय ठेवला की दस्तगीरचाचांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ट्रॅक्टर आला तवा ओवाळला कुणी?" समोरचा माणूस बुचकळ्यात पडे. जुन्या ट्रॅक्टरचा पार्ट मागायला आलेला माणूस मॉडेल विचारेल, किंमत विचारेल. हे काय भलतंच? पण उत्तर मिळाल्याशिवाय चाचा पुढे सरकत नसत. मग आतून पदराला हात पुसत कुणी काकू, कुणी वहिनी बाहेर येई आणि चाचा तिच्याशी बोलायला सुरुवात करत. "मालक नावाचा असतोय," ते मला एकदा म्हणाले, "पर जिनं कुंकू लावलं तिला न इचारता नट ढिला करायचा न्हाई."

आमच्या ट्रॅक्टरला कुंकू मीच लावलं होतं, नवी सून म्हणून. द्राक्षाच्या ओळींतून अंग चोरून जाईल असा तो अरुंद, बुटका ट्रॅक्टर तासगावच्या बाजूला तेव्हा पुष्कळांनी घेतला. पुढे कंपनीच बंद पडली आणि घेणारे सगळे उघड्यावर आले. सासरे गेल्यावर बाग माझ्याकडे आली, कारण नवरा सांगलीत नोकरीला आणि त्याला द्राक्षातलं फक्त खायचं कळतं. बागेबरोबर तो ट्रॅक्टरही गळ्यात पडला. पहिल्यांदा त्याचा वॉटर पंप गेला तेव्हा मी सांगली-मिरजेतली दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार तुटका पंप हातात घेऊन वर-खाली बघे आणि परत देताना म्हणे, "दस्तगीरला विचारा."

मला वाटलं, कुणी मळक्या कपड्यांतला मिस्त्री असेल. आले ते परीटघडीच्या पांढऱ्या शर्टात, दाढीला मेंदी लावून, आणि अत्तराचा वास त्यांच्या आधी घरात शिरला. पान्याला ते हात लावत नसत. "मी हुडकणारा. पाना धरणारे लय हायत," असं म्हणून खुर्ची ओढून बसले आणि चहा मागवला. स्वतःविषयी बोलताना संकोच वगैरे भानगड नव्हती. "सातारा-सांगलीत ह्यो ट्रॅक्टर आज जिता हाय त्यो कुणामुळं, इचारा कुणालाबी." मी विचारायला गेले नाही, पण आठवड्याच्या आत ते पंप घेऊन हजर झाले. खटावकडे कुणाच्या तरी गोठ्यामागे असाच एक ट्रॅक्टर अर्धा मातीत गेला होता, त्याचा तो पंप.

त्यांचं काम हेच होतं. या कंपनीचा कुठला ट्रॅक्टर कुठे उभा आहे हे त्यांच्या डोक्यात असे, आणि मेलेल्याचं काढून जित्याला बसवायचं. नियम एकच. चालत्या ट्रॅक्टरचं काही काढायचं नाही, आणि चालू होण्यासारखा असेल तर त्याचंही नाही. म्हणून फोनवरच्या माहितीला ते कवडीची किंमत देत नसत. "फोनवर समदेच ट्रॅक्टर मेल्याले असत्यात. जाऊन बघाय पायजे," म्हणत आणि एसटीने, वडापच्या जीपने, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून बघायला जात. शर्टाची इस्त्री मात्र परतेपर्यंत मोडलेली नसे. ते कसं जमायचं हे मला कधीच कळलं नाही.

एका वर्षी छाटणीनंतर बाग ऐन फुलोऱ्यात असताना पाऊस आला आणि हटेना. पानांवर दावण्या दिसायला लागला. हा रोग आज पानावर असला की उद्या घडात उतरतो, म्हणून ताबडतोब औषध फवारावं लागतं. आणि नेमका तेव्हाच आमच्या ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट तुटला. फवारणीचा ब्लोअर त्या शाफ्टवरच फिरतो. शेजाऱ्यांचे ब्लोअर त्यांच्या त्यांच्या बागेत, मजूर मिळेनात. मी चाचांना फोन केला तेव्हा माझा आवाज रडका झाला होता. ते म्हणाले, "माणात एक उभा हाय. सकाळी गाडी काढा."

माण तालुक्यातल्या त्या वस्तीवर हिराबाई नावाची बाई राहत होती. नवऱ्याने डाळिंबाच्या हौसेनं ट्रॅक्टर घेतलेला. बाग रोगानं गेली, नवरा मुंबईला कामाला गेला, ट्रॅक्टर भिंतीला टेकून उभा राहिला. ओवाळला कुणी, हे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "मीच की. आता काय उपेग? मिस्त्री म्हणला इंजिन जाम हाय. मालक म्हंत्यात भंगारात घाल. त्यापरास न्या तुमी, कुणाच्या तरी बागंला कामाला यील." मला तिला मिठी मारावीशी वाटली. ती चहा टाकायला आत गेली.

शाफ्ट मागच्या बाजूला आणि मागे भिंत, त्यामुळे ट्रॅक्टर आधी पुढे घ्यायला हवा होता. चाचांनी दहिवडीहून फिटर बोलावला होता. त्याने चाकांत हवा भरली आणि तो, मी, शेजारचे दोघे असे आम्ही ढकलायला लागलो. चाचा बाजूला उभे राहून हुकूम सोडत होते. बराच वेळ काही हललं नाही. मग एकदम चाक वितभर फिरलं आणि सायलेन्सरमधून फस्सकन हवा आली, थोडी काळी धूळ उडाली. चाचांचा हुकूम तोंडातच राहिला. ते गिअरच्या दांड्याकडे बघत होते. ट्रॅक्टर गिअरमध्येच उभा केलेला होता. गिअरमध्ये असताना चाक फिरलं, म्हणजे आतलं इंजिनही फिरलं. जाम नव्हतंच ते.

 मी म्हणाले, "चाचा, शाफ्ट काढायला सांगा."

"ताई, ह्यो चालंल."

"चालू दे नाहीतर राहू दे. माझी बाग जाईल."

"जाईल. मलाबी दिसतंय."

"तिने स्वतःहून दिलाय. तुम्ही काही चोरत नाही."

"मेल्याला म्हणून दिलाय," चाचा म्हणाले. "आता कळलंय मला. कळल्यालं न कळल्यागत कसं करू?"

आणि हिराबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. तिने ताट खाली ठेवलं. ट्रॅक्टरकडे न बघता ती माझ्याकडे बघायला लागली. "आन् ताईंची बाग?" मग चाचांना म्हणाली, "मी शब्द दिलाय. तुमी न्या."

"तुमी दिला तरी मी घ्याचा न्हाई," चाचा म्हणाले.

मी चहाला हात न लावता गाडीत बसले. चाचा तिथेच राहिले, मी एकटी परत आले, आणि वाटेत विट्यापर्यंत मोठमोठ्याने त्यांना शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फिटरने टाकी धुतली, डिझेलचे पाइप साफ केले, कुणाची तरी बॅटरी लावली आणि हिराबाईचा ट्रॅक्टर सुरू झाला. त्याचा आवाज मला ऐकवायला त्यांनी फोन तिकडे धरला होता! मी फोन बंद केला.

बागेचा वरचा तुकडा पूर्ण गेला. खालचा कसाबसा पाठीवरच्या पंपांनी वाचवला. मी त्या दिवशी काही वावगं मागितलं असं मला आजही वाटत नाही. चाचांनी वावगं केलं असंही म्हणता येत नाही, आणि हीच त्या माणसाची कटकट होती. भांडायला गेलं तर भांडता येत नसे. हिराबाईने तो ट्रॅक्टर मग वस्तीवरच्या लोकांच्या कामाला लावला, असं कानावर आलं. मला बरं वाटलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या हंगामाला मी नवा ट्रॅक्टर घेतला आणि जुना शेडमध्ये लोटला. चाचांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण शुक्रवारची नमाज झाली की फोन वाजे. "अजून हुडकतोय, ताई. शिराळ्याला जाऊन आलो. त्यो चालतोय, न्हाई घेता आला." मी तुटकपणे सांगितलं, नवा घेतलाय, आता शाफ्ट नको. "नवा आला म्हणून जुना मेला व्हय? एका शाफ्टापायी उभा हाय त्यो." माझ्या ट्रॅक्टरचा पार्ट मागायला कुणी त्यांच्याकडे गेलं की ते परस्पर हाकलत, "त्यो चालू व्हणार हाय," म्हणून. हे असं किती वर्षं चाललं! राग कधी विरला ते कळलं नाही. एखाद्या शुक्रवारी फोन यायला उशीर झाला की मीच दहादा मोबाइल बघायला लागले.

या उन्हाळ्यात त्यांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे भेटायला गेले. दाढीची मेंदी उतरून मुळं पांढरी झाली होती. द्राक्षं कशी झाली, भाव काय लागला, सगळं विचारून झालं आणि ते गप्प बसले. चाचा गप्प बसलेले मी त्याआधी एकदाच पाहिले होते.

"ताई," शेवटी म्हणाले, "खानापूर भागातला एक माणूस हाय. त्याचा गिअरबॉक्स गेलाय. दोनी जिल्ह्यांत कुठं न्हाई. फकस्त तुमच्या ट्रॅक्टरला हाय." मग माझ्याकडे न बघता, "काढू का?"

तो सांगाडा शेडमधून कधी जातो असं मला झालं होतं. 'काढा' हा शब्द ओठावर आलाही होता. पण या प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. शाफ्ट आपल्याला आता सापडायचा नाही, हे चाचा त्यांच्या तोंडाने कबूल करत होते. माझ्याने त्यांना हो म्हणवेना.

"अजून थोडं हुडका की, चाचा," मी म्हणाले. "मला कुठं घाई आहे?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उशीवर सरसावून बसले. "मायणीच्या अंगाला एक ऐकलाय. हितनं सुटलो की बघून येतो. माझ्याबिगर कोण हुडकणार त्यो?"

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातच ते गेले. थोडे दिवस जाऊ दिले आणि खानापूरच्या त्या माणसाला मीच निरोप धाडला. तो फिटर घेऊन आला. फिटरने पहिला नट ढिला केला तेव्हा मला रडू आवरेना. चाचा होते तोवर तो ट्रॅक्टर मेला नव्हता.