साडूभाऊंचा ठेका

जगात बिघडलेल्या वस्तूंची कीव करणारी माणसं पुष्कळ असतील, पण धड चालणाऱ्या वस्तूचा संशय घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. घरातला पंखा कुरकुर न करता फिरू लागला की साडूभाऊ त्याच्याखाली उभे राहून मान वर करून बघत राहतात. हा काहीतरी लपवून राहिलाय असं त्यांना वाटतं, आणि दिवे लागेपर्यंत पंख्याचे अवयव सतरंजीवर मांडलेले असतात. मिक्सर, इस्त्री, गॅसचा लायटर, सगळ्यांची त्यांनी अशी उलटतपासणी घेतलेली आहे. दारावरची बेल तर आता दाबल्यावर वाजतच नाही, सोडल्यावर वाजते. पाहुणा बिचारा बटण दाबून धरतो, आत कुणी नाही असं समजून कंटाळून हात काढतो, आणि तेव्हा कुठं आत कळतं की कुणीतरी आलंय. साडूभाऊ याला सुधारणा म्हणतात.

अशा माणसानं निवृत्तीनंतर गप्प बसून नातवंडांचे फोटो बघावेत, तर त्यांनी ठेक्याचं यंत्र बांधायला घेतलं. दुकानात तयार मिळतं तसलं नव्हे, मोबाईलमध्ये असतं तसलं तर मुळीच नव्हे. त्यात कुणा तबलजीचा भरून ठेवलेला हात नाही. ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर एकमेकांना सोल्डरिंगचा डाग देऊन जोडायचे आणि नुसत्या विजेलाच डग्ग्यासारखं घुमायला, टाळांसारखं छनछनायला शिकवायचं, असा तो बेत. प्रत्येक आवाजासाठी पेचकसानं फिरवायचे बारके बारके स्क्रू. त्यांना ते प्रीसेट म्हणतात. एकानं घुमारा वाढतो, दुसऱ्यानं आवाज किती रेंगाळावा ते ठरतं, तिसऱ्यानं त्याचा सूर लागतो, आणि तिसरा फिरवला की पहिले दोन हमखास बिघडतात. म्हणजे साडूभाऊंच्या स्वभावाला याहून पोषक वस्तू ब्रह्मदेवालाही सुचली नसती. हे सगळं प्रकरण त्यांनी अक्कांच्या पोळ्यांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवलं, कारण धातूच्या डब्यात बाहेरची खरखर शिरत नाही. त्या घरात पोळ्या पुढं कितीतरी दिवस कुकरमध्ये राहत होत्या.

या उद्योगात माझा संबंध यायचं कारण नव्हतं. मी लातूरला राहतो, कॉलेजात मराठी शिकवतो, आणि फ्यूज गेला तरी शेजाऱ्यांना हाक मारतो. पण कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये मी तबला वाजवला होता, हे बायकोनं त्यांना कधीतरी कौतुकानं सांगितलं. झालं, तेव्हापासून माझा कान त्यांच्या हत्यारांच्या पेटीत जमा झाला. मी वर्गात असलो, बँकेत असलो, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी होऊन बसलेलो असलो तरी फोन वाजायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पलीकडून एकदम धप्प, धप्प असा आवाज आणि मग प्रश्न, "साडूसाहेब, डग्गा वाटून राहिला का डबा?" एकदा मी एका सहकाऱ्याच्या वडलांच्या मयतीला गेलो होतो. फोन चुकून स्पीकरवर लागला, आणि त्या शांततेत आधी धप्प, धप्प आणि मग साडूभाऊंचा प्रश्न घुमला. मी डबा म्हणून सांगून टाकलं. लोक माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती मी अजून विसरलेलो नाही, आणि साडूभाऊ मात्र त्यानंतर आठवडाभर माझ्यावर खूश होते, कारण तो खरंच डबा होता म्हणे.

त्या उन्हाळ्यात नांदेडला जाण्याची मला दुर्बुद्धी झाली. नांदेडचा मे महिना काय असतो हे त्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. तिथं साडूभाऊंनी पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद, अशा खोलीत मला सूर लावायला बसवलं. वाऱ्यानं आतले ट्रान्झिस्टर थंड होतात आणि ठेका मागं सरकतो, उन्हानं तापतात आणि ठेका पुढं पळतो, असं त्यांचं म्हणणं. अक्कांचा गाण्याचा सूर काळी दोन. तेव्हा मी बाजाच्या पेटीवर काळी दोन दाबून धरायची, त्यांनी पेचकस फिरवायचा, आणि दोघांनी घाम पुसायचा. सूर जुळला, जुळला म्हणेपर्यंत यंत्रातून आपोआप एक सणसणीत थाप पडली. कुणीच काही दाबलं नव्हतं. साडूभाऊंचा चेहरा उजळला; बिघाड सापडला की ते असेच उजळतात. बराच शोध घेतल्यावर कळलं की स्वयंपाकघरातला फ्रीज सुरू होताना हा डबा दचकून थाप मारतो. शहाण्या माणसानं यंत्र दुसऱ्या प्लगला लावलं असतं. साडूभाऊंनी फ्रीज बंद केला. दूध नासलं, विरजण आंबलं, आणि अक्का पदर खोचून दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीरपणानं सांगितलं की अर्थिंगचा प्रश्न सुटेपर्यंत घरात भाज्या ताज्या आणाव्यात.

अक्कांबद्दल इथं थोडं सांगायला हवं. आमच्या बायकोचं माहेर रेणापूरकडचं, आणि त्या सगळ्या भागात हळदीची गाणी म्हणावीत ती अक्कांनीच, असा लौकिक. लग्न कुणाचंही असो, अक्कांनी आवाज लावला की मांडवातल्या बायका हातातली कामं ठेवून येऊन बसायच्या. पण काही वर्षांपूर्वी त्यांना मोठं आजारपण आलं, दवाखान्यातून त्या घरी आल्या ते फुप्फुस अधू होऊनच, आणि गाणं थांबलं. एका लग्नात त्यांनी गायला सुरुवात केली होती, पण ढोलकी पुढं गेली आणि अक्का अर्ध्या ओळीवर धापा टाकत राहिल्या. त्यानंतर कुणी आग्रह केला की त्या हसून विषय बदलायच्या.

म्हणून माझ्या मुलीचं लग्न ठरल्यावर अक्कांचा फोन आला, हळदीला मी गाणार आहे म्हणाल्या, तेव्हा माझ्या बायकोनं फोन ठेवून ते मला दोनदा सांगितलं. मी उत्साहानं एक चांगला ढोलकीवाला ठरवला. दुसऱ्याच दिवशी साडूभाऊंचा निरोप आला की ढोलकीवाल्याला नको म्हणा, आपलं यंत्र येऊन राहिलंय. मला संताप आला. म्हटलं, फ्रीजला घाबरणारं हे यंत्र व्याह्यांसमोर मांडून माझं हसं करायचंय का. पण बायको म्हणाली, अक्का येतेय ना, मग तो डबा येऊ दे नाहीतर आणखी काही.

हळद सकाळी होती. मंगल कार्यालय भरलं, हळद कालवून वाटीत सुकायला लागली, नवरी पाटावर बसून कंटाळली, तरी नांदेडची गाडी येईना. मी फोन केला तर साडूभाऊ अहमदपूरला स्टँडजवळच्या हॉटेलात बसले होते. खड्ड्यात गाडी आदळून एक डाग निखळला होता, आणि हॉटेलवाल्याच्या बाकावर सोल्डरिंग आयर्न तापत ठेवून ते चहा पीत होते. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "गरम व्हायला वेळ लागतो. तुम्ही नका तापू."

शेवटी आले. अक्का आल्या आल्या नवरीजवळ गेल्या, आणि साडूभाऊ, गोधडीत गुंडाळलेला पोळ्यांचा डबा छातीशी धरून, थेट स्पीकरवाल्याकडं. वायर जोडली मात्र, आणि मांडवभर असा घूंऽऽ आवाज उठला की म्हाताऱ्यांनी कान धरले. मग साडूभाऊंनी कार्यालयाचा कारभार हातात घेतला. लायटिंगच्या माळा बंद करवल्या. आचाऱ्याचा मिक्सर बंद करवला. व्याह्यांच्या तोंडावर मी मुद्दाम लावलेला मोठा कूलर बंद करवला. व्याही माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, वायरमन चांगला दिसतो तुमचा. मी म्हटलं, माझे साडू आहेत. त्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून वारा घ्यायला सुरुवात केली.

घूं थांबलं. अक्कांनी मान हलवली, साडूभाऊंनी बटण दाबलं, आणि ठेका सुरू झाला. ऐकायला तो डग्गाही नव्हता आणि डबाही नव्हता, दोन्हींच्या मधलं काहीतरी गोल, मऊ वाजत होतं. अक्कांचा आवाज लागला. पहिलं कडवं व्यवस्थित झालं. दुसऱ्यात मी बघितलं, ओळ चढताना त्यांचा दम सरला. आता त्या थांबणार आणि ठेका पुढं निघून जाणार, असं मला वाटलं. पण ठेका गेला नाही. तो लांबला. इतका हळूच लांबला की ओळ मुद्दामच ताणून म्हटल्यासारखी वाटली. अक्कांनी श्वास घेतला, पुढचा शब्द उचलला, आणि थाप बरोबर त्या शब्दाखाली येऊन बसली. मी साडूभाऊंकडं पाहिलं. डब्याच्या कडेला एक मोठा नॉब होता, त्यावर त्यांची दोन बोटं होती, आणि ते डब्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर अक्कांच्या गळ्याशी होती. तिथं श्वास वर आला की बोटं किंचित डावीकडं जायची आणि ठेका हळू व्हायचा, खाली बसला की उजवीकडं. बायकांनी कडवं उचलून धरलं. माझी बायको हळदीच्या हातानंच डोळे पुसत होती, तिच्या सगळ्या तोंडाला हळद लागली. अक्का सगळी गाणी म्हणाल्या. मांडवात कुणालाही काही कळलं नाही.

जेवणं झाल्यावर, कूलरसमोर बसून, मी त्यांना विचारलं की एवढ्यासाठी इतका खटाटोप का, मोबाईलवरही लय कमी करता येते की. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मोबाईलमधी आकडा बदलावा लागतो. एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी. हिचा दम मधीच कुठंतरी असतो." आणि मग मिक्सर आता सुरू करायला हरकत नाही, असं सांगायला ते आचाऱ्याकडं उठून गेले.

मध्यंतरी मी पुन्हा नांदेडला गेलो होतो. दुपारची वेळ. अक्का आतल्या खोलीत पडून होत्या. हल्ली संध्याकाळी एखादंच गाणं म्हणतात, तेही अर्ध्यावर सोडतात, असं बायकोनं सांगितलं होतं. साडूभाऊ सतरंजीवर डबा उघडून बसले होते. आता काय बिघडलं म्हणून मी जरा वैतागूनच विचारलं.

"बिघडलं काय न्हाई," ते म्हणाले. "नॉब पार डावीकडं जाऊन टेकत होता. त्याच्या खाली जागाच न्हाई. म्हणून कपॅसिटर मोठा टाकून राहिलो." त्यांनी डागावर हळूच फुंकर घातली, नॉब डावीकडं नेला आणि कान लावून दोन थापांमधला वेळ ऐकत राहिले. आतून अक्का खोकल्या. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "अजून लई हळू जाता येतंय आता."