मागच्या शिटातली सरकी

चौथ्या शनिवारीही बद्रीनाथनं "पुढच्या शनवारी ये" म्हटलं, तेव्हा तातेरावानं त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यातनं आपल्या मोटारीची मागची शीट उचलली, डोक्यावर घेतली आणि भर जुन्या जालन्यातनं चालायला लागला.

बद्रीनाथ मोटारीच्या गाद्या शिवायचा. हात चांगला, जबान खोटी. महिनाभर ती शीट त्याच्याकडं पडून होती, तीन स्प्रिंगा दात काढल्यासारख्या बाहेर. आणि त्याच दिवशी सकाळी तातेरावाच्या जुन्या मालकांची, अण्णासाहेबांची मोटार आली, दुपारी कव्हरं घालून निघूनही गेली.

"त्यांची सकाळी आली अन् दुपारी झाली. मी काय फुकट करून मागून राह्यलो का?" तातेरावानं विचारलं होतं.

"अण्णासाहेबांचं काम हाय ते," बद्रीनाथ सुईत दोरा ओवत म्हणाला. "तुला काय घाई?"

घाई होती. पंधरा दिवसांवर पासिंग आलं होतं. भाड्यानं सवारी नेणारी मोटार दर साली सरकारी साहेबाला दाखवावी लागे. शिटा धड नाहीत, काचा लागत नाहीत, असं साहेबाला दिसलं की परमिट थांबायचं. आणि परमिट थांबलं तर तातेरावाला एकच दार उरत होतं, अण्णासाहेबांचं.

अकरा वर्षं तो त्यांचा ड्रायव्हर होता. ही हिरवी मोटार तेव्हा त्यांचीच. अकरा वर्षं त्यानं ती धुतली, चालवली, चिखलातनं ढकलली, पण मागच्या शिटावर एकदाही बसला नाही. एकदा त्याला सडकून ताप भरला, तर मोटार दारात उभी असताना अण्णासाहेबांनी त्याला एस.टी.त बसवून दवाखान्यात धाडलं. पुढं त्यांनी नवी मोटार घ्यायचं काढलं तेव्हा तातेरावानं ही जुनी विकत घेतली आणि अंबड-जालना सवारी सुरू केली. अण्णासाहेब हसून म्हणाले होते, "येशील माघारी, तात्या. मोटार पोसणं खायचं काम न्हाई." त्याला दोन वर्षं झाली होती. तातेराव गेला नव्हता.

अंबडला घरी येऊन त्यानं शीट अंगणात आपटली. "आपणच करू. बद्रीनाथ काय आईच्या पोटातनं शिकून आल्ता?"

त्याची बायको कांताबाई कापूस वेचणीला जायची. वाकळीत भरायला म्हणून तिनं पोतंभर कापूस राखून ठेवला होता, सरकीसकट. तातेरावाची नजर त्या पोत्यावर गेली.

"आवं, आधी सरकी काढा. पिंजाऱ्याकडून पिंजून आणा," कांताबाई म्हणाली.

"म्हंजे आता पिंजाऱ्याच्या दारात चार शनवार बसू? सरकीनं उलट गच्च बसतं. मोटारीची गादी हाय ही, बाळंतिणीची न्हाई."

"बसणाऱ्याला टोचंल."

"तुला मोटारीतलं काय कळतं?"

"मोटारीतलं न्हाई कळत. कापसातलं कळतं," असं म्हणून ती आत गेली, आणि आतनं भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तातेरावानं स्प्रिंगा तारेनं आवळल्या, वर तरट टाकलं, त्यावर पोतंभर कापूस कोंबला आणि दाभणानं रेक्झिन शिवलं. दोन दिवस, तीन बोटं रक्तबंबाळ. शीट एवढी फुगली की बसणाऱ्याचं डोकं छताला लागायचं. "दबंल," तो म्हणाला.

मग मागच्या डाव्या दाराची काच. हँडल फिरवलं की आतलं मशीन नुसतं घरघरायचं, काच मात्र दाराच्या पोटात रुसून बसलेली. त्यानं दाराच्या आतला पुठ्ठा सोडवला. काच खालच्या लोखंडी खाचेतनं सुटली होती, एवढंच. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून खाचेत घातली, काच ठोकून बसवली, आणि हँडल फिरवताच ती सरळ वर आली. तातेरावानं ती उगीच पाच-सात वेळा वर-खाली केली. गल्लीतल्या चार जणांना बोलावून पुन्हा केली. हे काम खरंच झ्याक झालं होतं, आणि तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण दाराच्या बुडाला त्याला तीन भोकं दिसली. गंजून पडली असतील, खालनं धूळ येत असेल, म्हणून त्यानं ती डांबर भरून पक्की बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी झड लागली. आठ दिवस आभाळ उघडलं नाही. काचेच्या फटीतनं दारात पाणी झिरपायचं, ते बुडाच्या भोकांतनं निघून जायचं. आता भोकंच नव्हती. दार घागरीसारखं भरलं, आणि वळणावर हँडलच्या तोंडातनं चूळ टाकल्यासारखं पाणी मागच्या शिटावर उडायला लागलं.

"काच बंद हाय अन् माझं लुगडं कसं वलं झालं, दादा?" बाजाराला निघालेल्या द्वारकाबाईनं विचारलं.

"तुमची छत्री गळत असंल."

"छत्री न्हाई माझ्याकडं."

"मंग म्हणूनच," तातेराव म्हणाला आणि गिअर टाकला.

पासिंगचा साहेब जालन्याला आला त्या दिवशी मैदानात पंधरा-वीस गाड्या रांगेत होत्या. अण्णासाहेबांचा आताचा ड्रायव्हर मच्छिंद्र बघायला म्हणून तिथं येऊन उभा होता. साहेबानं हँडल फिरवलं. काच खाली गेली, वर आली. तातेरावाची छाती फुगली. साहेबानं दार उघडलं तर आत पाणी डुचमळलं. तो थबकला. मग त्यानं शिटावर हात दाबला, शिवणीशी वाकून पाहिलं आणि चष्मा पुसला.

शिवणीतनं पिवळे कोंब वर आले होते. दोन-दोन पानांचे, टवटवीत, कडेनं चांगली ओळ धरून. ओलीत ऊब मिळाली आणि सरकी उगवली होती.

"ही मोटार आहे की वावर?" साहेब म्हणाला. "परमिट कशाला मागतोस? सातबारा घेऊन ये."

सगळे ड्रायव्हर पोट धरून हसले. तातेरावाच्या कानशिलातनं वाफ निघाली. त्याच्या अख्ख्या खानदानात कुणाच्या नावावर हातभर जमीन नव्हती, कुणी कधी त्यांना सातबारा मागितला नव्हता, आणि मागितला तो असा. साहेबानं कागदावर शेरा मारला. आठ दिवसांत गाडी औरंगाबादला आणून दाखवायची, नाहीतर परमिट थांबलं.

मच्छिंद्र रांगेतनं जवळ आला. "अण्णासाहेब सांगून राह्यले व्हते, मला दुसऱ्या कामाला लावायचंय त्यांना. तू ये म्हणले परत. मोटार बी घेतो म्हणले."

तातेरावानं दात आवळून मोटारीचं दार आपटलं. तोंड उघडलं असतं तर मारामारीच झाली असती.

घरी कांताबाईनं शीट बघितली. "निंदायला बाया लावायच्या का?" तिनं विचारलं.

"बोल. तूच ऱ्हायली व्हती."

"दाराला पाणी जायला वाट न्हवती का?"

"व्हती."

"मंग?"

"बुजवली."

ती पदर तोंडाला लावून आत गेली, त्याचा त्याला जास्त राग आला. तो खिळा-हातोडी घेऊन मोटारीकडं गेला. डांबर फोडलं तसं गढूळ पाणी भळकन त्याच्या पायावर आलं.

ऊन पडलं. कांताबाईनं शिवण उसवली, उगवलेला, सडलेला कापूस उकिरड्यावर टाकला, उरलेला वाळवला. मग पाट्यावर ठेवून लोखंडी सळईनं एक-एक सरकी लाटून बाहेर काढायला बसली. तातेरावालाही बसवलं.

"असं न्हाई. जोर करू नका, सरकी फुटती."

"अकरा वर्षं गाडी चालवली मी."

"ही गाडी न्हाई. हळू."

दोन दिवस तो पाट्यापुढं मांडी घालून चरफडत बसला. पाठ मोडली, पण उठला नाही. तिसऱ्या दिवशी कापूस पिंजाऱ्याकडं घेऊन गेला आणि पिंजून होईस्तोवर त्याच्या ओट्यावरनं हलला नाही. कांताबाईनं तो तरटावर सारखा पसरला आणि वाकळीला घालतात तसे आरपार टाके घातले, कापूस कुठं सरकू नये म्हणून. रेक्झिन ओढून धरायचं काम तिनं त्याला दिलं. "ढिलं सोडलं तर तुमच्या बोटाला टाका घालीन," असंही सांगितलं.

औरंगाबादला कांताबाई मागच्या शिटावर बसूनच गेली. तोच साहेब होता. त्यानं दार हलवलं, काच फिरवली, शिटावर बसून दोनदा उसळी घेतली आणि सही केली. शीट कुणी केली, हे काही विचारलं नाही. तातेरावाला तेही खटकलं.

"विचारायला पाहिजे व्हतं त्यानं," तो परतताना म्हणाला.

"रस्त्याकडं बघा," कांताबाई म्हणाली.

जालन्याच्या स्टँडवर मोटार भरत होती तेवढ्यात मच्छिंद्र आला. "अण्णासाहेब इचारून राह्यले. काय सांगू?"

तातेरावानं खिशातला साहेबाच्या सहीचा कागद काढला, त्याच्या नाकापुढं धरला आणि घडी घालून परत ठेवला. "त्यांना म्हणावं, अंबडला जायचं असंल तवा स्टँडवर या. नंबर लागंल तसं मागं बसवीन."

मागं कांताबाईच्या शेजारी बसलेला एक पागोटेवाला काच वर-खाली करून पाहत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"ती खेळायला न्हाई बसवली, मामा," तातेराव ओरडला आणि मोटार सुरू केली.